जागेवाला

पहिल्या शाळेत हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, जागा नाही.
दारातून मला तीन रिकामे बाक दिसत होते,
एकावर कुणाचा तरी रेनकोट वाळत घातलेला.
दुसऱ्या शाळेत जागा होती, जन्मदाखला नव्हता.
तिसरीत दाखल्यावाचून चाललं असतं,
पण वय अकरा आणि बसायचं दुसरीत,
बाकीच्या पालकांना काय सांगू, मॅडम?
चौथीत त्याने शिपायाचा हात चावला.
शिपायाने आधी कान धरला होता,
ते कुठल्याच रजिस्टरात नाही.

थावरू लमाणी.
चार कागदांवर चार तऱ्हांनी लिहिलेलं नाव.
आई पर्वरीच्या टॉवरवर विटा वाहायची,
टॉवर पुरा झाला, ती पुढच्या साइटवर गेली
की आणखी कुठे, मुकादम नीट सांगत नाही.

ॲक्टिव्हावर तो मागे,
आमच्या दोघांच्या मध्ये फाईल.
वाटेत पाट्याच पाट्या:
जागा विकणे आहे. टायटल क्लिअर. नदीचा व्ह्यू.
तो माझ्या पाठीशी अक्षरं जुळवतो,
जा. गा.
पुढच्या वळणावर परत, जा. गा.
सिग्नलला थांबून मी फाईलमध्ये लिहिलं:
थोडं वाचता येतं.

जुन्या गोव्याहून दिवाडी, दिवाडीहून नार्वे.
दोन फेऱ्या. सायलेन्सरपासून पाय चोरत उभे आम्ही.
फेरीत माणसाला तिकीट लागत नाही,
नाव गाव कुणी विचारत नाही.
सकाळपासून पहिल्यांदाच तो बोलला:
ही बोट उतरते कुठे?
उतरत नाही रे. नुसती जा-ये करते.
मग मी हितंच, म्हणाला,
आणि दोराच्या वेटोळ्यावर बसला.
हाताला धरून उठवावं लागलं.
कान नव्हे, हात.

शाळेच्या पटावर आठ मुलं.
बंद करायच्या यादीत तिचं नाव.
घाडी बाईंनी फाईल उघडलीच नाही.
मला नववा हवाय, म्हणाल्या, खोटं कशाला बोलू?
इतकी वर्षं मी दयेच्या दारांवर टकटक करत आले,
कुणाला माझ्या मुलाची गरज असेल
हे ऐकायची सवयच नव्हती.
मला थोडा रागच आला.
मग पाणी मागितलं.

फाटकाजवळ एक शेंदरी दगड,
पुढे अर्धा रोट, एक विडी,
आणि चामड्याच्या कोऱ्या वहाणा.
थावरू वहाणांकडे बघत राहिला,
त्याच्या स्लिपरच्या पट्ट्याला टाचणी होती.
जेवण करणारी सावित्री म्हणाली,
तो हांगाचो जागेवालो. रातीं भोंवता.
ह्याला कुणी ठेवला इथं?
कोणेंच ना. तो पयलींच्यान आसा.
थावरूने यावर बराच विचार केला.
मग विचारलं, कितवीत?

जन्मतारखेच्या रकान्यात बाईंनी लिहिलं: एक जून.
दाखल्यावाचूनची सगळी मुलं
एक जूनलाच जन्मतात.
प्रवेश: तात्पुरता.
तात्पुरतं तर सगळंच, बाई,
पण मी सही केली.

परतताना फाईल हलकी लागायला हवी होती.
तिच्यात अजून सहा जण होते.
पाट्या वाचायच्या नाहीत असं ठरवून
सगळ्या वाचत आले.

गुरुवारी फोन. पळाला.
माझं पोट खाली गेलं. कुठवर?
फेरीपर्यंत. दोन तास जा-ये केली,
मग बोटवाल्याने आणून सोडला.
आल्या आल्या दगडासमोर उकिडवा बसला होता,
वहाणांना हात नाही लावला,
रोट मात्र खाल्ला.
सावित्री म्हणते, त्याचाच होता म्हणा.

मी बराच वेळ काही बोलले नाही.
मग विचारलं, पट?
पलीकडे पान उलटल्याचा आवाज.
नऊ, बाई म्हणाल्या.
मी खोडलेलं नाही. नऊच आहे.